व्हिडिओतला माझाच आवाज

माझं नाव जैबुन, पण चांदूर बाजारात अन् आजूबाजूच्या पंधरा-वीस गावाइत मले नावानं कोणी ओयखत नाई, बांगड्यावाली चाची म्हणतात. माझं माहेर अचलपूरकडचं, बाप कापसाच्या जिनिंगमधी होता, मले तर काचेची बांगडी हातात धरता येत नव्हती. सासूनं शिकवलं. बाईचा हात दाबाचा, अंगठा आत घ्याचा अन् तिले बोलत ठेवाचं, मंग बांगडी कवा चढली ते तिले समजत नाई. काय सांगू तुमाले, बाईचा हात हातात घेतला का तिच्या घरातलं सगळं समजते. सुजलेला हात, तापलेला हात, खतानं फाटलेला हात. तिच्या नवऱ्याच्या आधी मले समजलं हाये, असंबी झालं हाये.

डोक्यावर टोपली घेऊन मी गावोगाव फिरली. गावात शिरलं का हाक द्याची, बांगड्या घ्या माय, हिरव्या, लाल. आवाज माझा मोठा, अन् जरासा फाटका, आमचे हे म्हणत का तुही हाक वरूडपावतर जाते. मंग ते वाईट सालं आले, कर्जापायी कास्तकार औषध पिऊन मरू लागले. ज्या पोरीले मांडवात चुडा भरला तिच्याच घरासमोरून मान खाली घालून, हाक न देता जा लागे. असे घरं वाढत गेले. कोणत्या गावात हाक कुठी बंद कराची अन् कुठी परत चालू कराची ते मले पाठ झालं होतं. तेबी दिवस गेले म्हणा, गेले का नाई कोणाले माहीत.

तर फोनची गोठ. माझी एकच पोट्टी, सलमा, अकोल्याले देली. तिनं मले फोन घेऊन देला, डिझाइनचे फोटो व्यापाऱ्याले पाठवाले. व्हिडिओबी तिनंच शिकवला, लाल टिकली दाबाची अन् हात हालू द्याचा नाई, अम्मी, म्हणे, बांगडी भरतांनी हालते का तुहा हात.

मिरगाच्या आधीची गोठ हाये. आधल्या साली कपाशीवर बोंडअयी पडली होती, तर सगळ्याइले एकाच कंपनीचं बियाणं पाहिजे होतं, अन् ते तर दुकानात नाई म्हणत. कृषी केंद्रासमोर सकायपासून रांगा, माणसाइची एक, बायाइची एक. ऊन असं का डांबर चपलेले चिकटे. बंदोबस्ताले पोलीस, त्याइचा एक जमादार. मी म्हटलं एवढ्या बाया उभ्या हायेत, समोरच्या निंबाखाली टोपली घेऊन बसली. बांगड्या कोणी घेतल्या नाई, पाणी प्याले मात्र येत होत्या. रिकामीच होती तर नव्या मालाचा व्हिडिओ काढून राहिली होती, सलमाच्या नणंदेले दाखवाले.

तेवढ्यात शटर अर्धं खाली आलं. दुकानदार म्हणे संपलं. पुढं देविदास होता, वनिताचा नवरा, वनिताले लग्नात मीच चुडा भरला. गरीब माणूस, मोठ्यानं बोलत नाई. तो पायरीवर चढला अन् म्हणे, आतमधी पेट्या दिसून राहिल्या ना, मंग संपलं कसं. एवढंच बोलला. जमादारानं त्याची कॉलर धरली अन् काठी मारली, कानावर. तो पायरीवरून खाली पडला. पडल्यावरबी मारलं. फोन माझ्या हातात होताच, मी फक्त वर केला. हिंमत बिंमत काई नव्हती, खरं सांगते. अन् माझ्या तोंडातून निंगालं, अजी साहेब, मारू नका जी त्याले, लेकराबायाचा माणूस हाये. तीनदा निंगालं.

त्या दिवशी वनिताचा दवाखान्यातून फोन आला, चाची, इथं लिवून राहिले का पायरीवरून पडला, तुमी पाह्यलं ना. मी म्हटलं नुसतं पाह्यलं नाई माय, माझ्या फोनमधीबी हाये. अन् पाठवला तिले. दुसऱ्या दिवशी सकायी तो सगळ्याइच्या फोनमधी. त्याच्यात जमादार दिसते, देविदास दिसते, मी कुठी दिसत नाई. पण आवाज. पीठगिरणीवाला हासत हासत म्हणे, चाची, तुमचा व्हिडिओ भारी चालून राहिला. मले तिथंच समजलं का आता लपाले जागा नाई.

तिसऱ्या दिवशी जमादार घरी आला. एकटा, साध्या कपड्यात, दुपारच्या वक्ती. दाराशी चपला काढल्या त्यानं. ओरडत आला असता तर मी एवढी भ्याली नसती. म्हणे, चाची, चहा पाजा. मी चहा ठेवला. तो आमच्या ह्याइच्या शेजारी दिवाणवर बसला अन् म्हणे, तुमच्या दोघाइच्या पासपोर्टचे कागद चौकशीले आमच्याकडंच आलेत, चांगली गोठ हाये, या वयात मक्केले जाऊन यावंच. मंग इचारलं, पोरगी अकोल्यात हाये ना तुमची. मी हो म्हटलं. तर मोहल्ल्याचं नाव त्यानंच सांगतलं, जावायाचं नावबी सांगतलं, ऑटो चालवते ना म्हणे. व्हिडिओची गोठच नाई काढली. चहा चांगला झाला म्हणे. जातांनी चपला घालून म्हणते, फोन जपून ठेवा चाची, आजकाल चोऱ्या लय होऊन राहिल्या.

आमचे हे त्या दिवशी जेवले नाई. तीस वर्षं तो माणूस मक्का मक्का करून राहिला होता.

मंग ठाण्यात बोलावलं. फोन जमा करून घेतला, त्याची पावती देली नाई. सकायपासून बाकड्यावर बसवलं, दुपार ढळली, असरची नमाज झाली तवा एक कागद पुढं केला, म्हणे सही करा अन् घरी जा. मले उर्दू येते चौथीपावतर, मराठी वाचता येत नाई. मी म्हटलं, कोणी वाचून दाखवा. तिथं एक पोलीसबाई होती, कविता, तिच्या सातव्या महिन्यात हिरवा चुडा मीच भरला होता. जमादार म्हणे, दाखव वाचून. तिनं कागद हातात घेतला, जमादाराकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं पाह्यलं. तिले काईबी सांगता आलं असतं, मले काय समजणार होतं. पण तिनं जे होतं ते वाचलं. का हा व्हिडिओ मी दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढला, पोलिसाइले बदनाम कराले, अन् देविदास पाय घसरून पडला. वाचतांनी तिचा आवाज बारीक होत गेला. मी म्हटलं, हे माझं बोलणं नाई, मी सही करत नाई. बस्स. सोडलं मले. चार दिवसानं फोन वापस भेटला, आतमधी काईच नाई, बांगड्याइचे फोटोबी गेले. कविताची ड्युटी त्याच हप्त्यात दूर मेळघाटात लावली, सेमाडोहकडं. तान्हं लेकरू होतं तिचं. ते मले अजूनही टोचते.

अन् देविदास. त्याचा डावा कान गेला, कायमचा. पण बयान देतांनी तो म्हणे माझा पाय घसरला. मी त्याले दोष देत नाई, त्याले रोज त्याच रस्त्यानं जा लागते. व्हिडिओपायी जमादाराची चौकशी लागली होती, चौकशीचे साहेब अमरावतीले बसत, तिथं मले बोलावलं, तर वनिता नवऱ्याले न सांगता माझ्यासंगं एसटीत बसली. साहेबानं इचारलं, व्हिडिओ कुठी हाये. मी म्हटलं पुसला, पण हजार लोकाइच्या फोनमधी हाये. म्हणे ते चालत नाई, मूळ पाहिजे. मी म्हटलं, मूळ तर मी बसली हाये ना साहेब तुमच्यासमोर, लिवा. मंग त्यानं लिवलं. वाचूनबी दाखवलं. मी सही केली, उर्दूत. वनितानंबी तिचं बयान देलं, अन् आंगठा नाई, सही केली.

जमादाराची बदली झाली. लोक म्हणे, चाची, तुमी जिंकल्या. बदली कुठी झाली, तर अकोल्याले. जायच्या आधी बाजारात माझ्या टोपलीजवय थांबला, वाकून एक बांगडी हातात घेतली, उन्हात धरून पाह्यली, अन् म्हणे, चाची, अकोल्याले चाललो, सलमाले काई पाठवाचं असंल तर द्या. बांगडी जागेवर ठेवली, नीट, जशी होती तशी. तवापासून जावायाचा ऑटो तीनदा अडवला, कागद दाखव म्हणून. कागद पुरे हायेत, तरी अडवतात. सलमा फोनवर सांगत नाई, जावायानंच सांगतलं.

पासपोर्ट आला नाई. चौकशी बाकी हाये म्हणतात. आमचे हे आता इचारत नाईत, गुडघेबी गेले त्याइचे. काही घरं माझ्यासाठी बंद झाले, बाया दारातूनच म्हणतात, नको चाची, यंदा नको. काही बाया मात्र आत घेतात, दार लावून घेतात अन् हयूच म्हणतात, बरं केलं.

आता त्या मारहाणीच्या केसची कोर्टात तारीख लागली हाये. वनिता येईन का नाई, माहीत नाई, मी जाईन. भेव वाटत नाई असं नाई. तुमी माझी गोठ आयकाले गल्लीत शिरले तवा समोरच्या पानठेल्यावरचा माणूस उठून गेला, तुमी पाह्यलं नसंल, मी पाह्यलं. जातांनी मागच्या रस्त्यानं जा, मशिदीकडून. देविदासच्या लेकराइले अल्लाह सुखात ठेवो, कविताच्या लेकराले ठेवो, अन् त्या जमादारालेबी लेकरं असतीन, त्याइलेबी ठेवो. उद्या त्याइच्या बापाले कोणी मारलं तर पाहणाऱ्यानंबी असंच सांगावं, एवढंच.