कापडण्यातली एक नंबर जिम

सर्चमध्ये सगळ्यात वर दिसायची हाव वाईट, सांगतो ऐका. धुळ्यात माझी छोटी जिम. गिऱ्हाईक वाढावं म्हणून वेबसाइटवर मी आसपासच्या गावांचीही नावं टाकली, 'कापडण्यातली एक नंबर जिम' वगैरे. नाव झपाट्यानं वर आलं. मग एका सकाळी कापडण्याचे एक नाना मोबाइल घेऊन दारात उभे, मागे त्यांचे पैलवान.

"कापडणामा तुनी जिम कोठे शे, भाऊ? आम्ही बठ्ठं गाव धुंडं."

आतलं लोखंड वाजायचं थांबलं. खोटं कबूल करावं, तर समोरचे मेंबरही हातचे जाणार.

"उघडायचीच आहे, नाना. जागा मिळत नाही."

नानांनी शांतपणे खिशातून चावी काढली. "मनं कापसाचं गोडाऊन रिकामं शे. चाल, आते उघड."

सगळे माझ्याकडेच बघत होते. चावी घ्यावीच लागली.