घोलपबाईंचा धपाटा

पुढे सरका, मंडळी! मागं बाया उभ्या आहेत, कडेवर लेकरं आहेत त्यांच्या. आणि खांबाला टेकलेले काका, तुम्हीसुद्धा! झोप काय, इथं पुढं बसूनही येते!

हां. आता एकच विचारते, उत्तर घाईनं देऊ नका. माणसाला अवघड काय जातं? नवं शिकणं, की पाठ झालेलं सोडणं?

‘शिकणं’ म्हणतंय कुणीतरी. बरं, ऐका तर मग!

घाटमाथ्यावर हिवरपाडा नावाचं गाव. तिथं सरकारी दवाखाना, आणि त्या दवाखान्यात यमुना घोलप सिस्टर. पण सिस्टर म्हणतंय कोण? सगळ्यांच्या त्या घोलपबाई! गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. मूल बाहेर आलं, की बाई काय करायच्या? पाय धरायचे, उलटं टांगायचं, आणि ढुंगणावर एक— फाट! मूल टाहो फोडायचं, बाहेर सासू पेढ्याची पुडी सोडायची!

त्या धपाट्याची कीर्ती एवढी, की गावात म्हणच पडली होती. कुणी पोरगं वांड निघालं, की म्हातारे म्हणायचे, “ह्याला घोलपबाईंचा धपाटा कमी पडला!” सरपंचसुद्धा भाषणात सांगायचे, “मीही खाल्लाय!” आता बोला! सरपंचाला मारून वर त्याच्याच हातून सत्कार घेणारी दुसरी बाई दाखवा मला!

अशा बाईंना एक दिवस बोलावणं आलं. जिल्ह्याला प्रशिक्षण. विषय— न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यावा.

बाई फणकारल्या. “मला? माझं निवृत्तीचं वय झालं, आणि मला शिकवणार?”

त्यांचे यजमान रंगनाथराव. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. ते म्हणाले, “अगं, जा. जेवण फुकट आहे.”

गेल्या. सभागृहात बघतात तर काय— टेबलावर रबरी बाहुल्या मांडलेल्या! आणि शिकवायला कोण? डॉक्टर नसीमा मुल्ला. वय असेल बाईंच्या धाकट्या लेकीएवढं. बाई शेजारणीला म्हणाल्या, “भातुकली आहे गं ही!”

नसीमा डॉक्टरांनी एक बाहुली उचलली आणि अचानक बाईंच्या हातात दिली. “बाई, बाळ रडत नाहीये!”

आणि हात गेला, मंडळी! मनाला विचारलं नाही, डोक्याला विचारलं नाही. पाय धरले, उलटं टांगलं, फाट! बाहुलीचं मुंडकं निसटलं आणि गडगडत पहिल्या रांगेत!

सभागृह हसून लोळलं. मृदंगवाले बुवा, तुम्हीही हसताय, हसा! पण एक माणूस हसला नाही. नसीमा डॉक्टरांनी मुंडकं उचललं, बसवलं आणि शांतपणे म्हणाल्या, “बाई, बाळ अजून श्वास घेत नाहीये.”

मग त्यांनी दाखवलं. बाळ कोरडं करायचं, ऊब द्यायची, पाठ चोळायची. तरीही श्वास नाही, तर मान सरळ ठेवायची आणि नाकातोंडावर मास्क. मास्कला जोडलेला रबरी फुगा, त्याला अंबू बॅग म्हणतात. ती दाबायची. दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन. “आणि नजर छातीवर! छाती वर आली तरच हवा आत गेली. धपाट्यानं हवा आत जात नाही, बाई. फक्त वेळ जातो. आणि पहिल्या मिनिटाचं मोल कशानंच भरून येत नाही.”

बाईंनी करून बघितलं. छाती हललीच नाही. पुन्हा केलं. नाहीच! इतक्या वर्षांचा कसलेला हात, आणि एका रबरी बाहुलीनं त्याला दाद दिली नाही!

चहाची सुट्टी झाली. सगळ्या जणी वड्यांवर तुटून पडल्या. बाई मात्र जागच्या उठल्या नाहीत. डॉक्टर जवळ आल्या तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, “डॉक्टर... बहुतेक पोरं धपाट्याला रडली माझ्या. पण काही... काही नाही रडली. मी त्यांच्या आयांना सांगितलं, देवाची इच्छा.”

मंडळी, इथं थांबा जरा. म्हणून पाठ झालेलं सोडणं अवघड असतं बघा! नवीन शिकायला एक बाहुली पुरते. पण जुनं चुकीचं होतं असं म्हणायचं, तर मागं वळून त्या आयांच्या रिकाम्या ओंजळीकडे बघावं लागतं. कोण बघतो? ‘आमच्या वेळी असंच होतं’ म्हणायचं आणि वडा खायचा, किती सोपं!

डॉक्टर म्हणाल्या, “बाई, तुम्हाला तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं.”

“हो,” बाई म्हणाल्या. “पण आज शिकवलंय. म्हणजे आता सबब नाही.”

केवढं बोलली बाई! देव्हाऱ्यात ठेवावं असं वाक्य!

आणि बोलून थांबल्या नाहीत. डॉक्टरांकडून बाहुली मागून घरी आणली. रंगनाथराव म्हणाले, “वा! या वयात पाळणा हलणार आमच्या घरी!”

“चेष्टा पुरे. मी कामात असले की ही एकदम माझ्या हातात द्यायची आणि ओरडायचं— बाळ रडत नाही!”

मग काय विचारता! बाई कणीक मळताहेत, “बाळ रडत नाही!” बाई केस विंचरताहेत, “बाळ रडत नाही!” आणि हात गेला पायाकडे, की रंगनाथराव जिभेनं कंडक्टरची घंटी वाजवायचे, “टिंग! उतरा खाली!” शेजारीपाजारी म्हणाले, दोघांना चळ लागलाय. लागू दे! चांगल्या कामाचा चळ लागायलाही नशीब लागतं.

कितीदा चुकल्या त्या! पण हळूहळू हात वळायला लागला.

आणि मग आली बाजाराच्या दिवसाची दुपार. मोठे डॉक्टर तालुक्याला बैठकीला गेलेले. गऊबाईची सून रेवती अडलेली. पहिलटकरीण पोर, घामानं निथळतेय, बाईंचा हात सोडत नाहीये. शेवटी मूल आलं. पण कसं? निळसर, सैल. ओल्या फडक्यासारखं. आवाज नाही!

बाहेर गऊबाईला शांतता कळली. शांतता आयाबायांना लगेच कळते, मंडळी, ती सांगावी लागत नाही. तिनं घरून आणलेली काशाची थाळी काढली आणि लागली बडवायला! मूल रडलं नाही तर थाळी वाजवायची, जुनी रीत. ठण्! ठण्! आणि दारातून ओरडतेय, “बाई, बघताय काय? उलटं धरा! हाणा धपाटा!”

आणि बाईंचा हात गेला, मंडळी. पायाकडेच गेला! दोन्ही घोटे बोटांत आले...

आणि तिथंच थांबला. टिंग!

नाळ बांधली, कापली. मूल कोरड्या दुपट्यात, पाठ चोळली. श्वास नाही. मास्क लावला. दाब, दोन, तीन. छाती हलत नाही! बाहेर ठण्! ठण्! रेवती विचारतेय, “बाई, माझं बाळ रडत का नाही?” बाईंना घाम फुटला. पण नजर छातीवर. काय चुकलं? मान! मान जरा वाकलीय. खांद्याखाली फडक्याची घडी सरकवली, मास्क पुन्हा घट्ट बसवला. दाब, दोन, तीन...

आली! एवढीशी छाती वर आली! दाब, दोन, तीन. ओठ गुलाबी झाले. हात हलला. आणि मग असा टाहो फुटला, असा टाहो, की बाहेरची थाळी आपोआप थांबली!

बाईंनी लेक आईच्या छातीवर ठेवली आणि भिंतीला टेकून डोळे पुसले.

गऊबाई आत आली, नातीला न्याहाळलं, हसली, आणि मग गाल फुगवून म्हणते कशी, “पण धपाटा नाहीच मारलात! उद्या गावात काय सांगू मी?”

“सांगा,” बाई म्हणाल्या, “धपाट्यानं कुणी जगत नव्हतं, गऊबाई. जी रडणारच होती, ती रडत होती. नाव माझं होत होतं.”

बघा! स्वतःची कीर्ती स्वतःच्या हातानं उतरवून ठेवणारी माणसं किती असतात? पुढं नसीमा डॉक्टरांनी त्यांनाच शिकवायला बोलावलं. बाई नव्या पोरींसमोर बाहुली उलटी टांगायच्या, फाट करायच्या आणि म्हणायच्या, “हे मी करत होते. आता ह्यातलं काय चुकलं ते तुम्ही सांगा.”

आता तुमच्याकडे वळते. दडू नका! मास्तर, तुम्ही दिसताय मला. वायरमन भाऊ, तुम्हीही. टेम्पो चालवणारे, औषधाच्या दुकानात बसणारे, आणि ‘आम्ही चार पोरं वाढवलीत’ म्हणणाऱ्या आयाबायांनो! प्रशिक्षणाचं बोलावणं आलं की आपण आधी काय विचारतो? जेवण आहे का! उद्या सकाळी कामाला बसाल तेव्हा एवढंच बघा, हात सवयीनं कुठं जातोय. तिथं जरा थांबा. कारण प्रत्येकाच्या हातात कुणाचे तरी घोटे असतात, आणि दाराबाहेर कुणीतरी कान लावून उभं असतं.

बोला विठ्ठल विठ्ठल! वाजवा टाळ. टाळच हं, थाळी नको! थाळीपाशी थांबलात, तर मास्क लावायचा राहून जाईल!