शून्याची दुप्पट

...नाही, पण तुम्हीच मला सांगा, पट्टी खाली येते आणि उजेड खाली येत नाही, याला काय म्हणायचं? बटण दाबलं की स्क्रीनवर ती पट्टी दिसते ना, ब्राइटनेस किती ते दाखवणारी, ती शहाण्या मुलीसारखी सरसर खाली येते, अगदी तळाला जाऊन बसते, आणि स्क्रीन आपली तश्शीच, समोरून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटसारखी डोळ्यांत! तक्रार नाही हो माझी, आपलं सांगतोय.

लॅपटॉप सासूबाईंचा. त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्यात, आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, स्क्रीन बघा, पण मंद ठेवून बघा. आता दुसऱ्या कुणाच्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, राहिलं, नाही बघत. आमच्या सासूबाई ऑनलाइन बुद्धिबळ खेळतात. खेळतात म्हणजे काय, स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचलेल्या, रविवारी पाचला डाव, आणि समोर कोण, तर एक दातांचा डॉक्टर, जो म्हणे समोरच्याचा एकेक मोहरा भूल न देता उपटतो! आणि या बिचाऱ्या काळा गॉगल लावून सराव करतायत. गॉगलमधून काळा उंट काय आणि काळं प्यादं काय, सगळं सारखंच. प्याद्याला उंट समजून वजीर मागे घेतला, आणि खऱ्या उंटानं येऊन घोडा खाल्ला. मला काही बोलल्या नाहीत हां. एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही हात लावायच्या आधी बरा होता ना हा?"

हात मी लावला होता, त्यात काय लपवायचं. जुना लॅपटॉप, रखडत रखडत चालायचा, म्हणून मी त्यात ती फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम घातली, आणि पळायला लागला हो! तिथं थांबायचं ना माणसानं? पण गेल्या आठवड्यात तिचा नवा कर्नल आला. कर्नल म्हणजे सिस्टीमचा अगदी आतला गाभा, कीबोर्ड, स्क्रीन, पंखा, सगळ्यांशी बोलणारा तोच. बायको म्हणालीही, "अरे, चालतंय ना सगळं? मग कशाला खाजवून खरूज काढतोस?" पण नवीन आलंय म्हटल्यावर माझ्यानं राहवतं का? टाकला. आणि त्या मिनिटापासून ही पट्टी.

मग बसलो शोधायला. आधी नेटवर. तर माझाच प्रश्न, जसाच्या तसा, कुणीतरी कितीतरी वर्षांपूर्वी विचारून ठेवलेला. खाली पहिलं उत्तर, "आधी जुने प्रश्न वाचत चला." दुसरं, "माझ्याकडे चालतंय." अरे बाबा, तुझ्याकडे चालतंय तर तू इथे काय करतोयस, जा की जरा पाय मोकळे करून ये! आणि सगळ्यात शेवटी खुद्द विचारणाऱ्याचं, "सुटलं. धन्यवाद." कसं सुटलं? ते नाही लिहिलं. स्वतःचं सुटलं आणि गेला निघून. तक्रार नाही हो माझी, पण एक ओळ लिहिली असतीस तर तुझं काय गेलं असतं?

शेवटी मीच आत उतरलो, तेव्हा कळलं की या नव्या कर्नलमध्ये उजेड सांभाळायला एक नाही, दोघं बसलेत. बटणाचा निरोप जातो पहिल्याकडे. पहिला म्हणतो, "हो साहेब, केला कमी," पट्टी खाली ओढतो आणि गप्प बसतो. स्क्रीनमागचा दिवा ऐकतो दुसऱ्याचं, आणि त्या दुसऱ्याला कुणी काही सांगतच नाही! मला मात्र चटकन समजलं, कारण आमच्या घरीही सुट्टीत कुठं जायचं हे लोक विचारतात मला आणि ठरवते ही.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? पहिल्याला घरी बसवायची एक ओळ असते, ती लिहून मोकळा झाला असता. मी म्हटलं, छे, आपण आपला प्रोग्राम लिहू, बटण थेट दुसऱ्याशीच बोलेल. खालचं बटण दाबलं की उजेड निम्मा, वरचं दाबलं की दुप्पट. कसं सुटसुटीत! रविवारी डावाच्या जरा आधी सासूबाईंना बसवलं समोर. त्यांनी बटण दाबलं, उजेड निम्मा. "अगं बाई," म्हणाल्या आणि गॉगल काढून ठेवला. इतकं बरं वाटलं ना मला, तुम्हाला सांगतो, पगारवाढीला वाटलं नव्हतं! त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा निम्मा. त्यांना मजाच वाटायला लागली, दाबतायत, दाबतायत... आणि स्क्रीन गुडुप. काळीकुट्ट.

मी म्हटलं, "आई, घाबरू नका, वरचं बटण आहे ना." दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मी आपला दाबतोय, दाबतोय. निम्मा, निम्मा करत उजेड आला होता एकावर, आणि मशीनला अर्धा कळत नाही, म्हणून एकाचा निम्मा गेला थेट शून्यावर. आणि शून्याची दुप्पट? करा, कितीही वेळा करा!

बायको टॉर्च घेऊन धावत आली. म्हणजे त्याचं असं आहे, चित्र काचेवर असतंच, फक्त मागचा दिवा गेलेला असतो, टॉर्च तिरका मारला की अंधुक दिसतं. मारला, आणि पट दिसला की हो! मी म्हटलं, आता शून्याच्या जागी दुसरा आकडा भरतो, दोन मिनिटं द्या...

"हात लावू नका," सासूबाई म्हणाल्या. "घड्याळ सुरू झालंय. उजेड धरा."

धरला. काय करता? हिचा हात अवघडला म्हणून मी धरला, तो डाव संपेपर्यंत. "जरा वर. जरा डावीकडे. हत्तीवर नको, चमकतं." आणि तो मऊ उजेड त्यांना इतका मानवला, इतका मानवला, की डोळ्यांतून पाण्याचा टिपूस नाही. दातांच्या डॉक्टरचा राजा कोपऱ्यात, इकडून वजीर, तिकडून हत्ती, मात! मी टॉर्चसकट नाचलो. खरंच, फार आनंद झाला मला.

सोमवारी मुकाट्यानं ती शहाण्या माणसाची ओळ लिहिली. आता बटण दाबलं की पट्टीही खाली येते आणि उजेडही. सासूबाईंना दाखवलं. त्यांनी वरखाली करून बघितलं, "छान केलंत हो," म्हणाल्या, अगदी मनापासून. मग उजेड पार शून्यावर नेला आणि टॉर्च माझ्या हातात दिला. "जिंकत्या डावात काही बदलायचं नसतं, जावईबापू."

येत्या रविवारी अंतिम फेरी. तोवर रोज सराव. लॅपटॉप ठणठणीत, मागचा दिवा बंद, आणि मी खुर्चीमागे टॉर्च धरून उभा. तक्रार नाही हो माझी. त्या म्हणतात, "जरा कमी करा." मी एक पाऊल मागे सरकतो.

लगेच होतो कमी.