सुमनबाईंच्या रिकाम्या कुंड्या

इथे जमलेल्या काका-काकूंनो, बाईंच्या शाळेतल्या सर-मॅडमनो, आणि नागपूरहून आलेले बाईंचे भाचे श्रीकांतदादा, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

मी सविता. याच तिगावची. सध्या सौंसरला अतिथी शिक्षिका आहे. वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. आज मागच्यांना ऐकू आलं नाही तर हात वर करा. मध्ये थांबले तर सांभाळून घ्या.

काल सकाळी मी या फाटकातून आत आले आणि कोणी म्हणालं नाही, "आली का सवी?" असं पहिल्यांदाच झालं.

आपण बाईंच्या अंगणात बसलो आहोत. या अंगणात मी कधी खुर्चीवर बसले नव्हते. इथे आम्ही पोती अंथरून बसायचो. दर रविवारी सकाळी. शाळेतून रिटायर झाल्यावर बाईंनी गावातल्या पोरांना बागकाम शिकवायचं ठरवलं. आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "गुलाब, मोगरा, झेंडू मांगू नका. भेटणार नाही."

आम्ही विचारलं, "का बाई?"

"गुलाब देल्ला का पोट्टे फूल तोडते अन् पळते. हे काय आहे म्हणून कोणी विचारते का? मले विचारणारे पोट्टे पाहिजे."

म्हणून आम्हाला विचित्र झाडं मिळाली. कोणाला लाजाळू. कोणाला पानफुटी, जिच्या पानाच्या कडेलाच पिल्लं फुटतात. कोणाला सुरण. आणि बाई झाडाचं नाव सांगत नसत. "आधी ओळख होऊ दे. नाव मंग सांगते."

शेजारचे गुलाबराव काका इथे समोरच बसले आहेत. काका, सुरणाला फूल आलं तो रविवार आठवतो? तुम्ही नाकाला दुपट्टा लावून भिंतीवरून विचारलं होतं, "बाई, उंदीर मरून पडला का तुमच्या घरी?" बाई म्हणाल्या, "उंदीर नाही हो भाऊ, फूल आलं. या पाहाले." तुम्ही आलात, फूल पाहिलंत, आणि म्हणालात, "याच्यापेक्षा उंदीर बरा होता."

काका, तुम्ही हसलात. बरं वाटलं. या अंगणात हसलेलं चालतं.

पंकज आज आला नाही. तो पुण्याला कंपनीत आहे, सुट्टी मिळाली नाही. त्याच्या घरी संत्र्याचा बगीचा. त्याला बाईंनी लाजाळू दिली होती. फूल लवकर यावं म्हणून पठ्ठ्यानं तिला ताण दिला! आपण संत्र्याला देतो तसा. पाणी बंद, पानं मलूल होईपर्यंत. मग पाणी सोडायचं आणि बहाराची वाट पाहायची. रविवारी कुंडी घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, लय लाजून राहिली हे. कालपासून उघडूनच नाही राहिली."

बाईंनी मातीत बोट घातलं. "लाजून नाही राहिली रे बाबू. मरून राहिली."

आम्ही पोट धरून हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पंकजचं बोट धरलं आणि मातीत घातलं. "आता दर वेळी पहिले इथं विचाराचं. पाणी द्याचं का नाही, ते मंग ठरवाचं." त्या दिवसापासून आमचा तास असाच सुरू व्हायचा. प्रत्येकानं आपल्या कुंडीत बोट घालून गप्प बसायचं. बाई "हं" म्हणेपर्यंत.

पंकज काल फोनवर रडला. आणि रडता रडता विचारलं, "ते लाजाळूचं बाईनं कोणाले सांगतलं तर नाही नं?" नाही सांगितलं रे. मीच आज सांगितलं.

माझ्या वाट्याला काय आलं? एक कुंडी. आणि तिच्यात नुसती माती.

माझे बाबा दुसऱ्यांच्या बगीच्यात संत्री तोडायला जातात. आई कापूस वेचायला जाते. बाकी सगळ्यांच्या हातात पानं होती आणि माझ्या हातात माती. मला वाटलं, आपल्याला उरलंसुरलं दिलं. घरी आईनं कुंडी पाहिली. "मातीच देल्ली का वं बाईनं? आपल्या घरी माती कमी आहे का? आण इकडं, सांभार पेरतो त्याच्यात."

मी कोथिंबीर पेरू दिली नाही. दर रविवारी ती कुंडी कडेवर घेऊन आणायची, परत न्यायची. पोरं चिडवायची, "सवीचं झाड लय मोठं झालं, तुह्याच्यानं उचलते का?" बाई माझं बोट मातीत घालायला लावायच्या.

"काय लागलं?"

"गाठ."

"कशी आहे?"

"घट्ट."

"मंग झालं तर. जित्ती आहे. पाणी नको देऊ. पाहात राह्य."

उन्हाळा लागला. सगळीकडची हिरवळ करपायला लागली. आणि एका सकाळी त्या कोरड्या मातीतून फूल वर आलं होतं. पान नाही, फांदी नाही. मातीला टेकलेलं फूल. पांढरं, मधे जांभळं. वास असा की आई चुलीपुढून उठून आली. मी कुंडी घेऊन पळत इथे आले. बाई म्हणाल्या, "आता नाव सांगते. भुईचाफा." मग म्हणाल्या, "हा कोणाले देऊ, मले समजून नव्हतं राहिलं. रिकाम्या कुंडीपाशी बसाची सबुरी सगळ्याइले नसते."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. पांढुर्ण्याच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र घेतलं, ते त्या फुलामुळे.

पुढचं सांगणं कठीण आहे. पण आज नाही सांगितलं तर कधी सांगणार?

आम्ही मोठे झालो. कोणी नागपूरला गेलं, कोणी पुण्याला. मैत्रिणींची लग्नं झाली. नवी पोरं आली नाहीत, रविवारी त्यांची ट्यूशन असते. अंगणातली पोती कमी होत गेली. शेवटी एकच राहिलं, माझं. तासानंतर बाई पोहे द्यायच्या, त्याचं पातेलं मात्र तेच राहिलं, सगळ्या पोरांना पुरेल एवढं. मी म्हणायचे, "बाई, दोघींना एवढे?" त्या म्हणायच्या, "हाताले सवय लागली. कमी होऊनच नाही राहिले." दुपारपर्यंत आम्ही तेच पोहे खायचो. उरलेले त्या माझ्या डब्यात भरायच्या.

एकदा मी विचारलं, "बाई, तुम्हाला एकटं नाही वाटत?"

"वाटते नं," म्हणाल्या. "नाही म्हटलं तर तू मानशील का?"

आणि झारी घेऊन उठून गेल्या. मला वाटलं होतं, म्हणतील, झाडं आहेत ना सोबतीला. तसं काही म्हणाल्या नाहीत. झाडं बोलत नाहीत, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

बाई नव्हत्या, तरी मागच्या रविवारी मी सौंसरच्या बसस्टँडवर गेले. सवयीनं. इकडे येणारी पांढुर्ण्याची बस समोर लागली होती. कंडक्टर म्हणाला, "चला मॅडम." मी तशीच परत फिरले. दिवसभर खोलीत बसून होते.

आता या कुंड्या पाहा. तुमच्या मागे, भिंतीला लागून. काल श्रीकांतदादा खुर्च्या मांडत होते. मला म्हणाले, "ताई, या रिकाम्या कुंड्या टाकून देऊ का? जागा होईल." त्यांचं काही चुकलं नाही. बाई गेल्यावर शेजारच्या काकूंनी मायेनं या कुंड्यांना रोज पाणी घातलं. त्यांचंही चुकलं नाही, त्यांचा जीव होता बाईंवर. पण काल मी एकेका कुंडीत बोट घालून पाहिलं. काही गाठी मऊ लागल्या. सडल्या होत्या, त्या मी काढून टाकल्या. उरलेल्या घट्ट आहेत.

हे सगळे भुईचाफे आहेत. माझ्या त्या एका गाठीची, कंदाची, पिल्लं. बाई दरवर्षी सोडवून लावत राहिल्या. पोरं येतील, एकेकाला देऊ, म्हणून. पोरं आली नाहीत. बाई लावत राहिल्या.

हे घर आता बंद होणार. दादांना नागपूरला परतायचं आहे. माझ्या खोलीला एक खिडकी आहे, तिच्यात एक कुंडी मावते. बाकीच्या इथे राहिल्या तर कोणीतरी रिकाम्या समजून फेकेल, नाहीतर मायेनं पाणी घालून सडवेल.

म्हणून माझी विनंती आहे. हात जोडून विनंती आहे. जाताना प्रत्येकानं एक कुंडी न्या. तुम्ही संत्र्याची माणसं. ताण काय असतो, हे मी तुम्हाला शिकवायचं का? पंकजनं नको तिथे दिला. इथे द्या. उन्हाळ्यापर्यंत पाणी घालू नका. घरातलं पोर विचारेल, हे काय आहे? सांगू नका. त्याचं बोट मातीत घाला. फूल आलं की नाव सांगा.

आणि फूल आलं की मलाही कळवा. मी रविवारी येईन पाहायला. खरंच येईन. रविवारी कुठे जायचं, हे मला आता समजत नाही.

आता बाईंसाठी थोडा वेळ शांत राहू या. उठू नका. श्रीकांतदादा, कुंड्या पुढे द्या. एकेक कुंडी मांडीवर घ्या, कपड्यांना माती लागली तर लागू द्या. मातीत बोट घाला. हळू. गाठ लागेल. लागली की तसेच बसा. आज "हं" म्हणायला कोणी नाही, तेव्हा ज्याचं त्यानं ठरवा, केव्हा उठायचं ते.

बाई, आली सवी. सोबत माणसं आणली आहेत.