एका हातानं उघडणारं कॅबिनेट

मुजीब : हे नको म्हणताय? ताई, बाजूला पारदर्शक दार आणि आत निळ्या लाइटचा पंखा, असं कॉम्प्युटरचं कॅबिनेट अख्ख्या दौंडात एकच आहे. कॉलेजची पोरं नुसतं बघायला येतात.

सविता : दिसायला झ्याक हाय, पर ते उघडायचं कसं?

मुजीब : मागचे चार स्क्रू काढायचे आणि पत्रा मागं सरकवायचा. सोपं आहे.

सविता : एका हातात स्क्रूड्रायव्हर धरला तर पत्रा कशानं धरायचा?

मुजीब : दुसऱ्या हातानं.

सविता : दुसरा ह्यो हाय.

मुजीब : माफ करा. पदराखाली होता, दिसला नाही.

सविता : असू द्या. अंगठा हाय अजून. टेकवायला होतो.

मीरासाहेब : बस, लेकी. हे स्टूल घे. मी मीरासाहेब, ह्याचा बाप. चौतीस वर्षं रेल्वेत सिग्नल फिटर होतो. आता दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देतो. कुठून आलीस?

सविता : कारेगावास्नं, चाचा. शिरूरला आले आन् तिथनं दौंडची यष्टी धरली.

मुजीब : शिरूरला तर कॉम्प्युटरची तीन दुकानं आहेत.

सविता : व्हय, हायत.

मुजीब : बरं. आत काय बसवायचंय? मदरबोर्ड मोठा आहे का लहान?

सविता : लहान. सेलेरॉन प्रोसेसर हाय. एक हार्डडिस्क, एक सीडी. समदं मीच जोडलंय. शिरूरला कोर्स केला, तिथल्या सरांकडं बंद पडल्याल्या कॅफेचं सामान पडून होतं. सा महिने झाले, प्लायवूडच्या फळीवर उघडाच चालतोय. रांजणगावची धूळ बसती. परवा आत पाल गेली.

मुजीब : आणि काम काय करता त्यावर?

सविता : लग्नपत्रिका. शाळेच्या प्रश्नपत्रिका. डाव्या हातानं टायपिंग करते. हळू हुतं, पर चुकत न्हाई.

मुजीब : ताई, रागावू नका, पण तयार मशीन घेतलं असतं तर हा व्याप नसता.

सविता : तयार मशीनला सील असतंय. उघडू देत न्हाईत. आत काय हाय ते बघितल्याबिगर मी आता कुठल्याच मशीनपुढं बसत न्हाई. म्हणून जोडलं, आन् म्हणूनच एका हातानं उघडंल असं कॅबिनेट पायजे.

मीरासाहेब : मुजीब, माळ्यावरचं ते काळं काढ की. दाराला बिजागरी असलेलं.

मुजीब : अब्बा, ते दोन वर्षं कुणी घेतलं नाही. जड आहे. दिसतं कपाटासारखं.

मीरासाहेब : काढ तर. हां, ठेव इथं. बघ लेकी. ही कडी दाबायची, की दार आपोआप बाहेर येतं. स्क्रू नाही, काही नाही. तू दाब.

सविता : उघडलं की. आन् आतली कड बी दुमडल्याली हाय. हात कापत न्हाई.

मीरासाहेब : कड बघतेस? गिऱ्हाईक रंग बघतं.

सविता : स्वस्तातल्या पत्र्याची कड पात्यावाणी असती. मला ठाव हाय. मी पत्र्याचंच काम करत हुते, पत्रा दाबायच्या प्रेसवर.

मीरासाहेब : कुठं?

सविता : रांजणगावला. मुजीबभाऊ जिथं मशीन लावून देणारे सेटर हुते, तिथंच. चार नंबरचा प्रेस.

मुजीब : सविता?

सविता : तवा डोक्याला टोपी आन् अंगात ॲप्रन असायचा. न्हाई वळखलं तुमी. मला वाटलंच हुतं.

मीरासाहेब : म्हणजे प्रेसमध्ये हात गेला ती बाई तू? हा घरी येऊन दोन दिवस जेवला नव्हता. म्हणाला, ऑपरेटर नवी होती, घाई केली तिनं.

सविता : चार वर्षं हुते मी त्या प्रेसवर, चाचा.

मुजीब : अब्बा, तुम्ही चहाचं बघता का जरा?

मीरासाहेब : चहाचं नंतर. बोल, लेकी.

सविता : त्या प्रेसला दोन बटणं हायत. एक हिकडं, एक तिकडं. दोनी हातांनी दोनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. म्हंजी हात आत राहूच शकत न्हाईत.

मीरासाहेब : आमच्याकडं तसंच. रूळ जुळून कुलूप बसल्याशिवाय गाडीला सिग्नल पडतच नाही.

सविता : पर एका बटणाला मागनं वायर जोडली की ते कायम दाबल्यालं. मग एक हात मोकळा. त्या हातानं पत्रा सारायचा, दुसऱ्यानं बटण दाबायचं. माल दुप्पट निघतो.

मीरासाहेब : आणि वायर जोडायची कुणी? हे मी तिला विचारत नाही, मुजीब.

मुजीब : साहेबांनी सांगितलं होतं. महिन्याचा आकडा पुरा होत नव्हता. चारी प्रेसना जोडली. मी नसती जोडली तर दुसऱ्यानं जोडली असती.

मीरासाहेब : जोडली कुणी?

मुजीब : मी.

सविता : ते मी कवाच मनात धरलं न्हाई, भाऊ. आमाला बी दिसत हुती वायर. आमी बी गप बसून काम केलं. माझा राग दुसऱ्याच गोष्टीचा हाय. माझा हात आत हुता. ठोकळा वर जाईना. तुमी पळत आला. मला वाटलं, मला सोडवायला आला. तुमी मागं गेला, वायर तोडली आन् खिशात घातली. मग मेन स्विच. मग गाडीला हाक. मी शुद्धीवर हुते. समदं बघत हुते.

मुजीब : साहेब ओरडत होते, आधी वायर काढ, आधी वायर काढ. मला काही सुचलं नाही.

सविता : त्ये बी समजून घेतलं असतं. पर आठ दिवसांनी तुमी चौकशीच्या कागदावर सही केली. बाईनं बटणाला चिंधी बांधली हुती, मी सोता बघितली, म्हणून. माझ्याच चिंधीनं माझा हात गेला.

मीरासाहेब : सही केलीस?

मुजीब : केली.

मीरासाहेब : मला का नाही सांगितलं?

मुजीब : काय सांगणार होतो? तुम्ही सिग्नलच्या दिव्याची काच पुसल्याशिवाय ड्युटी सोडली नाही कधी. तुम्हाला काय सांगणार होतो?

सविता : चाचा, तुमी पाणी प्या.

मीरासाहेब : मला काही झालं नाही. तू बोल.

मुजीब : पण तीन वर्षं झाली, ताई. केस तुमची चाललीच आहे. आता अचानक माझ्याकडं का?

सविता : म्हाळसामुळं. आमच्या शेजारच्या कुशाबाईची पोरगी. मला काढल्यावर तिला लावली, त्याच प्रेसवर. मी सांगितलं हुतं तिला, नगं जाऊ. पर घरात दुसरं कोण कमवत न्हाई. शिमग्याच्या आदल्या दिवशी तिची तीन बोटं गेली. एकोणीस वर्षांची हाय. दवाखान्यात तिनं मला इचारलं, मेंदी आता कुठं काढायची म्हणून. लगीन ठरलं हुतं.

मुजीब : वायर अजून आहे?

सविता : तुमी नोकरी सोडून आला. वायर ऱ्हायली. आन् तिच्या कागदावर बी तेच लिवलंय, बाईनं चिंधी बांधली हुती. ओळन् ओळ तीच. नुसतं नाव बदललंय.

मीरासाहेब : या अल्ला.

सविता : मंगळवारी माझी तारीख हाय. पुण्याला, कामगार कोर्टात, अकरा वाजता. वकील म्हणतो, सही केल्याला माणूस यिऊन खरं बोलला तर दोघींचं बी कागद फिरतील. न्हाई आला तर ही शेवटची तारीख.

मुजीब : ताई, मी बोललो तर आत कोण जाईल? साहेब? साहेबांची सही एका तरी कागदावर आहे का? वायर माझी, सही माझी. आणि त्याच कंपनीच्या तीस कॉम्प्युटरांची देखभाल माझ्याकडं आहे. त्यावर हे दुकान उभं आहे. मला दोन पोरी आहेत.

सविता : खरं हाय. साहेब कुठंच न्हाई. मी बी लई इचार केला त्याचा.

मुजीब : मग मी काय करू, तुम्हीच सांगा.

सविता : मी सांगायला आले हुते. सांगून झालं. त्या काळ्या कॅबिनेटचं काय ते घ्या.

मुजीब : त्याचे पैसे नकोत. घेऊन जा. आत बसवून पण देतो, मी येतो कारेगावला.

सविता : बसवणार मी. आन् फुकाट नगं. पावती करा. पुरं नाव लिवा, सविता जालिंदर नवले.

मीरासाहेब : पावती मी लिहितो. तू त्याला सुतळी बांध, मुजीब. घट्ट बांध, तिला एका हातानं उचलायचंय. नाही, राहू दे. स्टँडपर्यंत मी नेतो.

(मंगळवार, सकाळचे साडेदहा. पुण्यातल्या कामगार कोर्टाबाहेरचा बाक.)

सविता : चाचा? तुमी एकटेच?

मीरासाहेब : सकाळच्या पॅसेंजरनं आलो. सरक जरा, बसू दे.

सविता : मुजीबभाऊ मागनं येत्यात का?

मीरासाहेब : रात्री मी त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. सकाळी आंघोळ करून त्यानं तोच शर्ट घातला. मला वाटलं, निघाला. मी टोपी घेतली, चपला घातल्या. गल्लीच्या तोंडाशी तो दुकानाकडं वळला. शटर वर केलं, उदबत्ती लावली. रोजच्यासारखी.

सविता : तुमी काय म्हणला?

मीरासाहेब : मी सरळ स्टेशनला गेलो.

सविता : सून? पोरी?

मीरासाहेब : थोरली नात विचारत होती, दादा कुठं चाललात. मी म्हणालो, ड्युटीवर.

सविता : चाचा, तुमाला कोर्ट बोलू देणार न्हाई. तुमी तिथं नव्हता. तुमी काय बघितलं न्हाई.

मीरासाहेब : वकिलाला विचारलं मी, खाली भेटला. तोही तेच म्हणाला. त्यानं माझं नाव कागदाच्या तुकड्यावर लिहून घेतलं आणि तुकडा खिशात घातला. उपयोगाचा नाही, हे मला समजलं.

सविता : मग कशाला दगदग केली एवढी?

मीरासाहेब : ती कोण? खांबाजवळ उभी आहे ती.

सविता : म्हाळसा. तिला म्हणले हुते नगं येऊ. अजून ड्रेसिंग चालू हाय.

मीरासाहेब : तिला बोलव इकडं. उन्हात उभी आहे.

सविता : ती येणार न्हाई. तुमी कुणाचे वडील हाय ते तिला समजलंय.

मीरासाहेब : बरं. मग मीच जाऊन उभा राहतो जरा लांब. ती बसेल इथं.

सविता : बसा, चाचा. तुमी बसा.

मीरासाहेब : हा काय म्हणतोय शिपाई? मला कमी ऐकू येतं.

सविता : माझं नाव पुकारतोय.

मीरासाहेब : पुरं नाव घेतलं का?

सविता : घेतलं.

मीरासाहेब : चल मग.