मामाचा वकील

कोर्टाच्या व्हरांड्यात शिंपीणबाई आपल्या तारखेची वाट बघत बसल्या होत्या. बाकावर शेजारी बहीण-भावाचं जुंपलं होतं, आणि कानांना काही झाकणं नसतात.

"ताई, कोर्टाने दिलेली फुकटातली वकीलबाई नको. भाच्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"अरे, ती कोठडीत जाऊन त्याला भेटून आली. सगळं खोदून खोदून विचारलं."

"म्हणजे रिकामटेकडीच! माझ्या वकिलाला मान वर करायला फुरसत नसते."

"मग तो माझ्या लेकाचं ऐकणार कधी?"

"ऐकायचंय कशाला? मला सोडवलं तेव्हा त्याने चकार शब्द विचारला नव्हता."

"तू तर खरोखरच चोरी केली होतीस!"

"तेच सांगतोय ना! तरी सुटलो की नाही?"

शिंपीणबाईंनी आपली पिशवी हळूच मांडीवर ओढून घेतली.

"वकीलबाईंनी लेकाला विचारलं, चोरीची तांब्याची तार तुझ्या पलंगाखाली कुणी आणून ठेवली?"

"आणि... काय म्हणाला तो?"

"खरं तेच म्हणाला. बाई आता आत तेच सांगणार आहेत."

"ताई, थांब. मी माझ्या वकिलाला फोन लावतो."

"लाव बाबा, लाव. आता तुलाच लागणार आहे तो."