उजवा पॉइंट उस्मानचा

भोरला स्पेअर पार्टच्या दुकानात माझ्या पुढे दोन म्हातारे उभे होते, हनुमंत आणि उस्मान. दोघांत मिळून घेतलेल्या दोन सिलिंडरच्या जुन्या मोटरसायकलसाठी हनुमंतनं इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट मागितलं होतं.

“ठिणगीचे पॉइंट काढून टाकायचे? चाळीस वर्सं दर शनिवारी डावा तू लावतोस, उजवा मी.”

“किका मारून गुडघा गेला, उस्मान. किट बसलं की एका किकेत चालू, पॉइंट लावायची कटकटच न्हाई.”

“गुडघ्याचं नाव नगं सांगू. मार्गासनीच्या रस्त्याला थांबून माझा पॉइंट तू परत लावतोस. आमच्या खालिदनं बगितलंय.”

“हितं लई उकडतंय.”

“हनुमंता, बोल.”

“तुला पॉइंटमधली गॅप दिसत न्हाई आता. दोन वर्सं झाली.”

“मग तोंड शिवलं व्हतं का तुजं?”

“तू हात पुसत ‘झकास’ म्हनायचास. कसं बोलू?”

“म्हंजी आता गाडीला माझा हात न्हाई लागायचा.”

“कार्बोरेटर दोन हायेत की. ते आवाजावरच जुळवावं लागत्यात. माझे कान ट्रॅक्टरनं खाल्ले. तुझ्याबिगर कोन ऐकनार?”

“तुला ऐकू येत न्हाई, मला दिसत न्हाई. चालवनार कोन?”

“तुझी नात. गुलफशानं लायसन काढलंय.”

“आन आपन?”

“आपन येऊ की मागनं, यष्टीनं.”